एकोणीस इंजिनं आणि राऊळकाका

राऊळकाका इंजिनं मारायचे. हा शब्द माझा नाही, त्यांचाच आहे. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं आणि "काका, रिटायर झाल्यावर सध्या काय?" असं विचारलं, की हा ठेंगणा, पांढऱ्या मिशीचा, खिशाला कायम दोन पेनं लावलेला माणूस सरळ चेहऱ्याने सांगायचा, "इंजिनं मारतंय." विचारणारा हसायचा. काका हसायचे नाहीत. त्यांच्या मते त्यांनी आपल्या कामाचं नेमकं वर्णन केलेलं असायचं.

माझी त्यांची गाठ पडली ती कागदांमुळे. मी पार्ल्याची, कागद काळे करण्यात लहानपणापासून हुशार, आणि डिझेल गाड्यांचा धूर कमी करण्याच्या एका योजनेत नोकरीला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथल्या टेम्पोवाल्यांच्या संघटना, वॉर्ड ऑफिसं, एका कॉलेजची प्रयोगशाळा आणि आमची छोटी संस्था अशी सगळ्यांची मोट बांधून आम्ही तिला 'भागीदारी' म्हणायचो. अनुदान देणारा ट्रस्ट बाहेरचा. जुना डिझेल टेम्पो मोडीत काढला की सीएनजीचा किंवा बॅटरीवरचा नवा टेम्पो घ्यायला मदत मिळायची. अट एकच, पण खमकी होती. जुनं इंजिन नुसतं काढून चालणार नाही, ते पुन्हा कधीच चालू होणार नाही असं करायचं. इंजिनाचा जो मुख्य लोखंडी ठोकळा असतो, ब्लॉक म्हणतात त्याला, त्याच्या अंगात मोसंबीएवढं भोक पाडायचं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पाडलं अशी एका जाणत्या माणसाने सही करायची. नाहीतर जुनं इंजिन कोणीतरी विकत घेतो, दुसरीकडे बसवतो, आणि धूर होता तेवढाच राहतो, फक्त गल्ली बदलते. एक जरी इंजिन जिवंत सापडलं तरी पुढच्या यादीचं अनुदान बंद, असं करारात लिहिलेलं होतं.

तो जाणता माणूस म्हणजे राऊळकाका. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः उभी हयात बस डेपोत इंजिनांखाली झोपून काढलेली, आणि आता घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या चाळीत काकूंबरोबर राहणारे.

भागीदारीच्या पहिल्या बैठकीला त्यांना ओळखीसाठी बोलावलं होतं. अंधेरीचा हॉल, पडद्यावर धुराचे आलेख, आणि आमच्या संस्थेचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, तासभर समजावून सांगतायत की या टेम्पोवाल्या लोकांना हवेची जाणीवच नसते. काका मागच्या रांगेत बसले होते. मध्येच उठून बाहेर गेले. मला वाटलं, कंटाळले. दहा मिनिटांनी परत आले ते हातात पांढरा रुमाल घेऊन, आणि रुमालाच्या मधोमध काळाकुट्ट गोल डाग. सरळ पुढे चालत गेले आणि तो रुमाल सरांच्या टेबलावर ठेवला.

"खाली तुमचीच गाडी उभी आहे ना? ड्रायव्हर एसी लावून बसलाय. सायलेन्सरला धरला होता, दहा मोजेपर्यंत."

सरांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"गाडी वाईट नाय तुमची," काका म्हणाले. "पण मघापासून 'हे लोक, हे लोक' चाललंय, म्हणून म्हटलं, सुरुवात आपल्यापासून करू."

माझी खात्री झाली की या माणसाची नोकरी सुरू व्हायच्या आत संपली. सरांनी मात्र ड्रायव्हरला फोन करून गाडी बंद करायला लावली आणि काकांना ठेवूनही घेतलं, कारण चार उपनगरांतल्या टेम्पोवाल्यांचा विश्वास असलेला दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता. पण तो रुमाल सर विसरले नाहीत. सरांसारखी माणसं असं काही विसरत नाहीत.

काकांचा कान हा वेगळाच प्रकार होता. ऑफिसात खिडकीकडे पाठ करून चहा पिताना ते मध्येच म्हणायचे, "पाटील आला बोरिवलीचा. व्हॉल्व्ह वाजतोय त्याचा, कधीचं सांगितलंय." मी खाली डोकावले की पाटीलच. सुरुवातीला मला वाटायचं हे मला बनवतात. मग मी हट्टाने परीक्षा घ्यायला लागले आणि दर वेळी हरायला लागले. "माणूस आवाज बदलून बोलता, बाय," ते म्हणायचे, "इंजिनाक ता जमणा नाय." मला ते पहिल्यापासून 'बाय'च म्हणाले. इतरांपुढे मुंबईची मराठी बोलत, पण मन गुंतलं की मालवणी बाहेर यायची.

सही करण्याचीही त्यांची एक रीत होती. भोक पाडून झालं की फुंकर मारून लोखंडाचा चुरा उडवायचा, मग उजव्या हाताची दोन बोटं त्या भोकातून आत घालायची, सिलिंडरची भिंत चाचपायची, आणि मगच पेन काढायचं. "बोट घातल्याशिवाय सही नाय." मग वडिलांच्या नावासकट संपूर्ण नाव देवनागरीत, एकेक अक्षर सुटं. त्यांच्या सहीवर तेलाचे ठसे असायचे आणि ट्रस्टला पाठवण्याआधी ते पुसायचा मी निष्फळ प्रयत्न करायची.

मुलुंडला पहिलंच इंजिन मारायचं होतं त्या दिवशी मोठा तमाशा झाला. मालकाने सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या, नव्या टेम्पोचा रंगही पसंत केला होता, पण ड्रिल मशीनचा आवाज झाला मात्र, हा गडी इंजिनावर जाऊन बसला. "ह्याच्यावर माझी दोन पोरं शिकली! दर दसऱ्याला हार घातलाय मी ह्याला! आणि तुम्ही ड्रिल मारणार?" सर फोनवरून ओरडत होते की कराराचा भंग होतोय, त्याला समजावा. आजूबाजूला स्टँडवरचे वीसेक टेम्पोवाले जमलेले, आणि त्यांचा कल कुणाकडे आहे ते काही सांगावं लागत नव्हतं.

काका त्याच्या शेजारी जाऊन इंजिनावरच बसले. मग उठून त्यांनी बॅटरी जोडली, डिझेलची बाटली लावली आणि ते इंजिन, टेम्पोबाहेर काढून लाकडांवर ठेवलेलं, तिथल्या तिथे चालू केलं. "ऐक," म्हणाले. "पोटभर ऐक. आणि तुला वाटेल तेव्हा तूच बंद कर, तुझ्या हाताने. मी हात लावणार नाय." तो माणूस पाच मिनिटं उभा होता. मग त्याने बंद करायची दांडी खेचली आणि तोंड फिरवून म्हणाला, "पाडा." तेव्हापासून ती पद्धतच पडली. मालकाने आपल्या हाताने इंजिन बंद करायचं, मग काकांनी मारायचं. आमच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता, पण एकाही मालकाने तो टप्पा चुकवला नाही.

त्या गर्दीत सुर्वे होता. मुलुंडचाच, घरसामान वाहणारा, तिशी-पस्तिशीचा तगडा माणूस. त्याचं नाव दुसऱ्या यादीत होतं. त्याच्या टेम्पोची मुदत मार्चअखेर संपत होती, त्यानंतर तो रस्त्यावर आणता येणार नव्हता, आणि अनुदान नाही तर नवा टेम्पो नाही. तो दर आठवड्याला काकांना विचारायचा, "काका, माझा नंबर?" काका म्हणायचे, "येतलो रे. पहिली यादी नीट होऊ दे."

पहिल्या यादीत एकोणीस इंजिनं. अठरा रीतसर मेली. एकोणिसावं घाटकोपरच्या तळेकरचं. तळेकर हा राऊळकाकांच्या गावचा, वाडीसुद्धा एकच. यादी बंद करायची शेवटची तारीख आली ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजात गेलात तर पाने, हातोडे, जॅक सगळे धुऊनपुसून पाटावर मांडलेले असतात, झेंडू वाहिलेला असतो, आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं. काकांचं ड्रिल मशीन हार घालून पाटावर बसलं होतं. आणि मी सकाळपासून त्यांना पाच फोन केले होते की काका, संध्याकाळी सहाच्या आत सही झालीच पाहिजे.

साडेपाचला ते ऑफिसात आले, कपाळाला कुंकू. "हत्यार पूजेला बसलंय, बाय. तळेकर म्हणतो आज नको. परवा पाडतो."

"मग पाडा ना परवा," मी म्हणाले. "सही आज करा. कोण बघतंय?"

हे मी म्हणाले. इतकी वर्षं इतरांची वाक्यं लिहून ठेवणाऱ्या मला माझं हे वाक्य जसंच्या तसं आठवतं. काकांनी पेन काढलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग वडिलांच्या नावासकट संपूर्ण सही केली. त्या कागदावर तेलाचा एकही ठसा नव्हता. मला तेव्हा तो कागद स्वच्छ आहे म्हणून बरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका ड्रिल घेऊन तळेकरकडे गेले तर इंजिन नव्हतं. "भंगारवाल्याने उचललं काका, तोडायला गेलं," तळेकर म्हणाला. गाववाला, शपथेवर सांगतोय. काकांनी मानलं. म्हणजे मानल्यासारखं केलं. त्यानंतर चहा पिताना ते अधूनमधून एकदम विचारायचे, "भंगारवालो चालता इंजिन तोडता काय गो? की इकता?" मी म्हणायची, तोडत असेल. आणि घाईघाईने विषय बदलायची.

फेब्रुवारी उजाडला. ट्रस्टच्या तपासनीस बाई शुक्रवारी येणार होत्या. त्यांनी पहिली यादी मंजूर केली की दुसरी सुरू. त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी आम्ही दोघं भांडुपच्या एका शाळेत गेलो होतो, मुलांना धुराबद्दल चार गोष्टी सांगायला. मैदानात खेळांचे सामने चालू होते. लाउडस्पीकरसाठी मांडववाल्याने कोपऱ्यात जनरेटर लावला होता आणि त्याच्या शेजारीच चमचा-लिंबूची मुलं ओळीने उभी होती, एकजण बाहीने नाक दाबून. काका माझ्याशी बोलत चालले होते ते मध्येच थांबले. मान कलती केली.

"तळेकर," ते म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. तळेकर कुठेच नव्हता.

"बाय, ह्या तळेकराचा इंजिन. तिसऱ्या सिलिंडराचो ठसको. ह्या मेला नाय. ह्या जिवंत आसा."

जनरेटरला टेम्पोचं जुनं इंजिन जोडलेलं होतं. जवळ जाऊन त्यांनी चष्मा लावून ब्लॉकवरचा नंबर वाचला. मला वाचायची गरज नव्हती, मीच तो फॉर्मात टाइप केला होता. काका त्या मुलांकडे गेले आणि एकेकाचा खांदा धरून त्यांनी अख्खी ओळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली. मग येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "चार महिने लोक ह्याचो धूर खातत, आज ही पोरां," म्हणाले. "माझ्या सहीचो."

ऑफिसात सरांना सांगितलं. सर ओरडले नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "शुक्रवारच्या आत ते इंजिन परत आणा, भोक पाडा, विषय संपला. तारखेला हात लावायचा नाही. तारीख जुनीच. राऊळ, तुमच्या एका चुकीपायी दुसऱ्या यादीतल्या बावीस माणसांच्या पोटावर पाय येईल, कळतंय ना?"

"कळतंय," काका म्हणाले.

पुढचे तीन दिवस मी नीट जेवले नाही. तळेकर आधी कानांवर हात ठेवून बसला, मग रडला, मग म्हणाला, "काका, भोक पाडलं की लोखंडाचा भाव आणि चालतं विकलं की इंजिनाचा. मोह झाला. वाटलं, कोणाला कळतंय?" मांडववाला म्हणे बुधवारी माझी लग्नाची सुपारी आहे, त्याआधी जनरेटर सुटणार नाही. काका बुधवारभर त्याच्या गोडाउनच्या दारात बसून राहिले, डबासुद्धा तिथेच खाल्ला, इंजिन पुन्हा कुठे गायब होऊ नये म्हणून. गुरुवारी दुपारी इंजिन गॅरेजात आलं. पद्धतीप्रमाणे ते चालू केलं आणि तळेकर बंद करायला पुढे झाला. काकांनी त्याचा हात बाजूला सारला.

"तुझा नाय ह्या आता," ते म्हणाले आणि दांडी स्वतः खेचली.

भोक पाडलं. बोटं घातली. तेलाने माखलेली ती बोटं त्यांनी बराच वेळ पुसली नाहीत. कोणी मागितला नव्हता तरी मी पुराव्यासाठी फोटो काढला आणि त्यावर तारीख येणार नाही याची काळजी घेतली. फाइल पूर्ण झाली. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. घरी जाऊन मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवारी मुलुंडच्या स्टँडवर मांडव घातला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, वडे, वेफर्स, भागीदारीचा फलक. दुसऱ्या यादीतले बावीसही जण आलेले, सुर्वे पहिल्या रांगेत, धुतलेला शर्ट घालून. तपासनीस बाई नागपूरच्या होत्या. मोजकं बोलणाऱ्या, पण माणूस चांगला. त्यांनी एकोणीस फायली पाहिल्या, दोन मालकांशी बोलल्या, नव्या टेम्पोत बसून एक फेरी मारली. सगळं झकास चाललं होतं. शेवटी त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यासाठी पेनाचं टोपण काढलं आणि शिष्टाचार म्हणून विचारावं तसं विचारलं, "राऊळजी, ही सगळी इंजिनं त्या त्या तारखेला तुमच्यासमोरच बाद झाली ना?"

मी काकांच्या शेजारी बसले होते. टेबलाखालून मी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

काकांनी खाली पाहिलं. आपला पाय सावकाश काढून घेतला.

"अठरा झाली, बाई. एक नाय झालं."

काका उभे राहिले, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि सांगितलं. खंडेनवमी सांगितली, सही सांगितली, शाळेचं मैदान सांगितलं, कालचं भोकही सांगितलं. माझे पाच फोन सांगितले नाहीत, आणि 'कोण बघतंय' तर नाहीच. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले. "सही केली तेव्हा भोक नव्हतं."

"पण आता तर आहे ना!" सुर्वे उभा राहून ओरडला. "काका, काय बोलताय तुम्ही? आता आहे ना भोक?"

"आहे."

"मग?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. तो बारीकसा टक् आवाज मांडवात सगळ्यांनी ऐकला. मागून कोणीतरी काकांना आईवरून शिवी दिली आणि कोणीही त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

पंधरा दिवसांनी ट्रस्टचं पत्र आलं. एकोणीसच्या एकोणीस इंजिनांचा भोकासकट, नंबरासकट पुरावा दाखवा, नाहीतर दुसरी यादी रद्द समजा. काकांच्या सहीवर यापुढे काहीही चालणार नाही. पहिल्या वेळी भोकाचा फोटो मागितलाच नव्हता, आणि मेलेली इंजिनं तर कधीच भंगारात गेलेली. सरांनी पत्र वाचलं आणि काकांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या यादीचा नाद सोडून द्यायचं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं.

काका दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "इंजिनं मी शोधतंय."

आणि हा सत्तरीकडे झुकलेला माणूस, बिनपगारी, भर उन्हात चार उपनगरं पायांखाली घालायला लागला. भंगाराचे ढीग, गॅरेजांची मागची अंगणं, गोडाउनं. भोक पडलेल्या ब्लॉकचं लोक काय काय करतात ते मला तेव्हा कळलं. अंधेरीत एक चहाच्या टपरीच्या बाकड्याखाली मिळालं. बोरिवलीत एक मांडवाच्या दोरांना वजन म्हणून. आरे कॉलनीत एका गोठ्यात एकाला चक्क म्हैस बांधलेली, आणि गवळी म्हणे मी हे सोडणार नाही, म्हैस दुसऱ्या कशाला दाद देत नाही. काकांनी म्हशीखालीच बसून नंबर घासून काढला आणि फोटो घेतला. काही ब्लॉक वितळून गेले होते. त्यांच्यासाठी भंगारवाल्यांकडून लेखी घ्यायचं होतं, आणि भंगारवाला सगळं देईल, लेखी देत नाही. काका त्यांच्या दारात दिवस दिवस बसून राहायचे. फोटो रोज मला यायचे, बरोबर एक शब्दही नसायचा. मी उत्तर म्हणून आकडा टाकायची. सात. अकरा. बारा.

मार्च संपला. सुर्वेचा टेम्पो बंद पडला, म्हणजे चालत होता, पण रस्त्यावर आणायची सोय उरली नाही. दुसऱ्याच्या टेम्पोवर तो हमाली करायला लागला. एकदा काका स्टँडवर एका इंजिनाचा पत्ता विचारायला गेले तर सगळे उठून पलीकडे गेले. हे मला काकूंनी सांगितलं, काकांनी नाही. मी त्यांना फोन करून म्हणाले, "काका, माझं चुकलं. त्या दिवशी मीच सही करा म्हणाले." ते म्हणाले, "पेन माझ्या हातात होता, बाय. अठरावा मिळाला, फोटो बघ." आणि ठेवून दिला.

उरलेलं शेवटचंही जूनच्या आत मिळालं. ट्रस्टने दुसरी यादी मंजूर केली. सगळा पत्रव्यवहार सरांच्या नावाने झाला आणि समारंभाचं आमंत्रण काकांना गेलं नाही. मी पाठवायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, हे इथे कबूल करते.

आता ते गावी असतात. फोन उचलत नाहीत, काकू उचलतात आणि 'बरे आसत' म्हणतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या समारंभाच्या दिवशीच, मुलुंडला. भाषणं आटोपली होती, नवे टेम्पो एकेक करून निघत होते. मी पाण्याची बाटली घ्यायला रस्ता ओलांडला तर पलीकडे पिंपळाच्या पारावर काका उभे. इस्त्रीचा शर्ट, तीच दोन पेनं. आत यायचं त्यांच्या मनात नव्हतंच, नुसते टेम्पो मोजायला आले होते. मी काही बोलणार तेवढ्यात सुर्वेचा नवा टेम्पो आमच्यासमोर येऊन थांबला. सुर्वे खाली उतरला. बारीक झाला होता. काकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तीन महिने हमाली केली मी, काका. तुमच्यामुळे."

"होय," काका म्हणाले.

बाकी काही नाही. माफी नाही, कारण नाही, शोधलेल्या इंजिनांचा हिशेब नाही. सुर्वे वाट बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "बसा. घरी सोडतो."

"नको. भाडं धर आधी. दिवस फुकट घालवू नको." असं म्हणून काका बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागले.

सुर्वे शिव्या पुटपुटत गाडीत चढला आणि काकांच्या मागोमाग, माणसाच्या चालीने टेम्पो हाकायला लागला. मागून रिक्षावाले हॉर्न मारून बोंबलत होते. सुर्वे हलेना, काका वळून बघेनात. स्टॉप आला. बस आली आणि गेली. काका तिथेच उभे राहिले. मग मागे आले, पुढचं दार सुर्वेने उघडून धरलं होतं तिकडे त्यांनी पाहिलंही नाही, मागची फळी धरून हौद्यात चढले आणि दांडीला धरून उभे राहिले. टेम्पो निघाला. सिग्नलपर्यंत ते मला दिसत होते, रिकाम्या हौद्यात एकटेच, तोंड पुढे करून.